सुगंधी तेलांची एमआयसी: डिस्कचा निकाल आणि ब्रॉथचा निकाल जुळत नाही

अगारपट्टी:

थाइम, गवती चहा आणि संत्र्याची साल अशा तीन तेलांची जिवाणूरोधक ताकद, म्हणजे एमआयसी (वाढ रोखणारी सर्वांत कमी तीव्रता), मोजायची आहे. जिवाणू दोन: स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय. म्यूलर-हिंटन अगारवर ६ मिमीच्या कोऱ्या डिस्क ठेवून प्रत्येकीवर १० मायक्रोलिटर शुद्ध तेल टाकलं. झोन (डिस्कभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) सर्वांत मोठा गवती चहाचा आला, थाइमचा त्याहून लहान. तीच तेलं ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव पोषक माध्यमात, दुप्पट-दुप्पट पातळ करून तपासली तर क्रम उलटा झाला, थाइम वरचढ ठरलं.

प्लेटसाठी तेल डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ब्रॉथमध्ये घातलं आहे. वरच्या तीव्रतेच्या वेल दुधाळ दिसतात, त्यामुळे तो गढूळपणा वाढीचा की तेलाचा हे ठरवता येत नाही. एकाच तेलाच्या ओळींमध्ये एमआयसीत चौपट, कधी आठपट फरक पडतो. शिवाय तेल न घातलेल्या काही कंट्रोल वेलमध्ये जिवाणू वाढलेच नाहीत.

दोन्हीपैकी विश्वास कशावर ठेवायचा, आणि प्लेटची पद्धत कशी सुधारायची?

---

द्विगुणित:

क्रमवारी लावण्यासाठी डिस्कवर अजिबात विसंबू नका. ती पद्धत पाण्यात सहज पसरणाऱ्या प्रतिजैविकांसाठी बसवलेली आहे. अगार म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. सुगंधी तेलातले टर्पीन त्यात नीट सरकत नाहीत. जो घटक थोडाफार पाण्यात विरघळतो तो लांब जातो, जो विरघळत नाही तो डिस्कखालीच बसून राहतो. म्हणजे झोनचा व्यास तेलाच्या ताकदीपेक्षा त्याच्या प्रवासाबद्दल जास्त सांगतो. त्यात बाष्पाची भर पडते. गवती चहातलं सिट्राल हवेतून डिस्कच्या आजूबाजूच्या अगारवर उतरतं आणि झोन फुगतो. हा झोन प्रसरणाचा नसून वाफेचा असतो, आणि झाकण किती घट्ट बसलं आहे यावरसुद्धा त्याचा आकार बदलतो.

प्रतिजैविकांच्या तक्त्यातले ‘संवेदनशील’ आणि ‘प्रतिरोधक’ हे व्यास तेलांना लावणं तर सरळ चूक आहे. ते व्यास ठरावीक मात्रेच्या ठरावीक औषधासाठी, रुग्णाच्या रक्तात मिळणारी पातळी लक्षात घेऊन ठरवलेले असतात.

डिस्क ठेवायचीच असेल तर फक्त ‘काही परिणाम आहे की नाही’ एवढी पहिली चाळणी म्हणून ठेवा. तेव्हाही अगारची जाडी ४ मिमी हवी (९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली), एका प्लेटवर एकच तेल आणि कडेला टेप. आणि झोन आला नाही म्हणून तेल निष्क्रिय आहे असं लिहू नका.

ब्रॉथच्या पद्धतीतला तुमचा खरा प्रश्न डीएमएसओचा आहे. तेल शुद्ध डीएमएसओमध्ये छान विरघळतं, पण तो द्राव ब्रॉथमध्ये पडला की डीएमएसओ पाण्यात मिसळून जातो आणि तेल पुन्हा थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. दुधाळपणा त्याचाच. हे थेंब वर तरंगतात किंवा वेलच्या भिंतीला आणि पिपेटच्या टिपच्या आतल्या बाजूला चिकटतात. पुढच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर नेताना त्यात किती थेंब आले यावर तुमचा हात नसतो. एका ओळीत मोठा थेंब पुढे गेला, दुसरीत मागे राहिला, की चौपट फरक झालाच. या पद्धतीची स्वाभाविक सहनशीलता एक पायरी वर किंवा एक पायरी खाली एवढीच धरतात. त्यापलीकडचा फरक दिसला की जिवाणूला दोष देण्याआधी तेल पसरलं का ते तपासा.

---

काचनळी:

कंट्रोल वेलमध्ये वाढ नाही, याचं उत्तर जवळपास नक्की वाफ हेच आहे. ९६ वेलच्या प्लेटमध्ये झाकणाखाली सगळ्या वेलची हवा एकच असते. शेजारी २ टक्के तेलाची वेल असेल तर रात्रभरात तिची वाफ कंट्रोलमध्ये आणि कमी तीव्रतेच्या वेलमध्ये विरघळते. परिणाम दोन्हीकडून चुकतो: वरच्या वेलमधलं तेल उडून कमी होतं, खालच्या वेलमध्ये न घातलेलं तेल येतं.

ओळखायचं कसं? तोच इनॉक्युलम (वेलमध्ये घालायचा जिवाणूंचा द्राव) एका वेगळ्या, तेल नसलेल्या प्लेटमध्ये लावा. तिथे सगळीकडे वाढ आणि तेलाच्या प्लेटमधल्या कंट्रोलमध्ये नाही, असं दिसलं तर शंका उरत नाही. ही वेगळी कंट्रोल प्लेट प्रत्येक वेळी ठेवाच, आणि तेलाच्या प्लेटच्या चळतीत ठेवू नका. एका प्लेटमध्ये एकच तेल असू द्या. सर्वांत जास्त तीव्रतेचा स्तंभ आणि वाढीचा कंट्रोल प्लेटच्या विरुद्ध टोकांना हवेत. वर चिकटपट्टीचं सील लावल्याने गळती कमी होते, थांबत नाही.

बाष्प अडवायला वेलवर खनिज तेलाचा थर देण्याची कल्पना डोक्यात आली असेल तर सोडून द्या. सुगंधी तेल पाण्यापेक्षा त्या थरात आनंदाने जातं. थर त्याला ब्रॉथमधून ओढून घेतो आणि एमआयसी उगाच वर चढते.

प्लास्टिककडेही बघा. नेहमीच्या प्लेट पॉलिस्टायरीनच्या असतात आणि संत्र्याच्या तेलातलं लिमोनिन पॉलिस्टायरीन विरघळवतं. तीव्र वेलचा तळ धुरकट दिसला तर तो गढूळपणा ना वाढीचा ना थेंबांचा, तो प्लास्टिकचा आहे. पॉलिप्रॉपिलीनची प्लेट घ्या. मूळ इमल्शन तर काचेच्याच नळीत बनवा.

अंतिम आकडा छापायचा असेल तर माझा आग्रह टेफ्लॉन अस्तराच्या फिरकीच्या झाकणाच्या काचनळ्यांचा आहे. प्रत्येक नळीत सारखंच आकारमान भरा, वर मोकळी हवा कमीत कमी ठेवा. काम वाढतं, पण शेजाऱ्याची वाफ हा प्रश्नच संपतो. आधी प्लेटवर अंदाज घ्या, मग त्या अंदाजाच्या वरखालच्या चार-पाच तीव्रता नळ्यांत तपासा.

---

अगारपट्टी:

वाफेचा मुद्दा पटला. कंट्रोल तेलाच्या पहिल्या स्तंभाला लागूनच होता.

डीएमएसओ सोडायचं तर ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारं इमल्सीफायर) घ्यायचं का? बऱ्याच पद्धतींत अंतिम ०.५ टक्के ट्वीन ८० दिसतं. की ब्रॉथमध्ये थोडा अगार घालण्याचा पर्याय बरा?

---

द्विगुणित:

अगार. ट्वीनने वेल स्वच्छ दिसते, म्हणून सगळ्यांना आवडतं, पण ती स्वच्छता महाग पडते. ट्वीन ८० चे मायसेल (रेणूंचे सूक्ष्म गोळे) साधारण ०.००१५ टक्क्यापासूनच बनायला लागतात. ०.५ टक्के म्हणजे त्याच्या तीनशेपटीहून जास्त. तेलाचा मोठा वाटा या मायसेलच्या आत जाऊन बसतो आणि जिवाणूच्या पटलापर्यंत पोचत नाही. जंतुनाशकांच्या चाचण्यांत फिनॉलचा परिणाम थांबवण्यासाठी ट्वीन ८० आणि लेसिथिन मुद्दाम घालतात. थाइममधला थायमॉल हा फिनॉलच आहे. जे रसायन त्याला निष्प्रभ करायला वापरतात, त्याच्याच साथीने त्याची ताकद मोजणं मला मान्य नाही.

०.१५ टक्के अगार घातलेला ब्रॉथ किंचित दाट होतो. थेंब लहानच राहतात, लवकर एकत्र येत नाहीत आणि वरही तरंगत नाहीत. मान आणि मार्कहॅम यांनी १९९८ मध्ये सुगंधी तेलांसाठी रिझाझुरिनची (जिवंत पेशींमुळे निळ्याचा गुलाबी होणाऱ्या रंगाची) जी पद्धत मांडली, तिच्यातही हाच ०.१५ टक्के अगार आहे.

---

मोजमाप:

ट्वीनला सरसकट बाद करू नये असं वाटतं. टी ट्री तेलावरचं बरंचसं काम ट्वीन घालूनच झालेलं आहे. त्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर त्याच तीव्रतेचं ट्वीन वापरण्याला पर्याय नाही. अट एवढीच, की ट्वीनची अंतिम तीव्रता सगळ्या वेलमध्ये एकसारखी हवी. लोक तेल आणि ट्वीनचं मिश्रण करून तेच पातळ करत जातात, मग तेलाबरोबर ट्वीनही प्रत्येक पायरीला निम्मं होतं आणि एकाच ओळीत दहा वेगळ्या परिस्थिती तयार होतात. पातळ करायचा ब्रॉथसुद्धा तेवढ्याच ट्वीनचा घ्या.

डीएमएसओलाही हाच नियम. अंतिम तीव्रता १ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ असलेला, तेल नसलेला कंट्रोल लावा.

फिनॉल असलेल्या तेलांबाबत मात्र द्विगुणित यांच्याशी सहमत आहे. थाइम, लवंग, ओरेगॅनो यांच्यासाठी ट्वीन टाळलेलंच बरं. कोणतंही माध्यम वापरा, पण अहवालात त्याचं नाव आणि अंतिम टक्केवारी लिहा. ती नसेल तर वाचणाऱ्याला त्या एमआयसीचा काही उपयोग नाही.

---

अगारपट्टी:

अगारने करून बघतो. प्लेट नेमकी कशी भरायची ते आकड्यांसकट कुणी सांगेल का? वाचन रिझाझुरिनने करायचं तर ते कधी आणि किती घालायचं?

---

द्विगुणित:

कॅल्शियम-मॅग्नेशियम समायोजित म्यूलर-हिंटन ब्रॉथमध्ये लिटरमागे १.५ ग्रॅम अगार घालून ऑटोक्लेव्ह करा. थंड होताना अधूनमधून हलवत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. हाच ब्रॉथ सगळीकडे वापरायचा, इनॉक्युलम पातळ करायलासुद्धा. इथे बरेच जण फसतात: इनॉक्युलम साध्या ब्रॉथमध्ये करून समप्रमाणात घातला की अगार ०.०७५ टक्क्यावर येतो आणि थेंब पुन्हा एकत्र यायला लागतात.

काचेच्या नळीत ९६० मायक्रोलिटर अगार-ब्रॉथ, त्यात ४० मायक्रोलिटर तेल. झालं ४ टक्के. व्हॉर्टेक्सवर पूर्ण एक मिनिट फिरवा आणि लगेच वापरा. पाच मिनिटं ठेवलेलं इमल्शन पुन्हा फिरवल्याशिवाय घेऊ नका. तेल पिपेटने घेताना टिप आधी दोन-तीनदा तेलानेच भिजवून घ्या, सावकाश ओढा, सावकाश सोडा आणि टिपच्या बाहेर लागलेलं तेल नळीच्या काठावर पुसा. ४० मायक्रोलिटरमध्ये बाहेर चिकटलेला एक थेंबही बराच फरक करतो. वजनकाट्यावर तोलून घेतलं तर सर्वांत उत्तम.

स्तंभ २ ते ११ मध्ये १०० मायक्रोलिटर अगार-ब्रॉथ, १२ मध्ये २००. स्तंभ १ मध्ये २०० मायक्रोलिटर इमल्शन. १ मधून १०० घेऊन २ मध्ये, चार-पाच वेळा खालीवर करून मिसळा, टिप बदला, मग २ मधून ३ मध्ये, असं १० पर्यंत. १० मधून उरलेले १०० टाकून द्या. टिप न बदलता पुढे गेलात तर तिच्या भिंतीवरचं तेल शेवटच्या वेलपर्यंत प्रवास करतं आणि तेल आहे त्याहून बलवान दिसतं.

इनॉक्युलमसाठी रात्रभर वाढवलेल्या ताज्या वसाहती सलाइनमध्ये मिसळून ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाच्या प्रमाणित मापाला) आणा. १ सेमी क्युव्हेटमध्ये ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. म्हणजे मिलीला साधारण १० कोटी पेशी. अगार-ब्रॉथमध्ये १०० पट पातळ केलं की १० लाख. स्तंभ १ ते ११ मध्ये यातले १०० मायक्रोलिटर घाला. अंतिम संख्या मिलीला ५ लाख, आणि तेल पहिल्या वेलमध्ये २ टक्के, दहाव्यात सुमारे ०.००४ टक्के. ११ हा वाढीचा कंट्रोल, १२ निर्जंतुक. पातळ केलेला इनॉक्युलम अर्ध्या तासाच्या आत वेलमध्ये पडला पाहिजे, नाहीतर संख्या वाढते.

संख्या खरोखर ५ लाख आहे ना, हे तपासायला कंट्रोल वेलमधून लगेच १० मायक्रोलिटर घ्या, १० मिली सलाइनमध्ये मिसळा आणि त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. ५० च्या आसपास वसाहती यायला हव्यात. ५०० आल्या तर तुमची एमआयसी वर सरकलेली असणार.

३५ °से. ला १६ ते २० तास ठेवा. त्यानंतर ०.०१५ टक्के रिझाझुरिन, गाळणीने निर्जंतुक केलेलं, प्रत्येक वेलमध्ये २० मायक्रोलिटर, आणि पुन्हा एक-दोन तास इनक्युबेटरमध्ये. निळं म्हणजे वाढ नाही, गुलाबी म्हणजे वाढ. इमल्शनच्या दुधाळपणाने रंग लपत नाही, हा याचा मोठा फायदा. कंट्रोल पूर्ण गुलाबी झाला की लगेच वाचा. फार वेळ ठेवलं तर गुलाबी रंग पुढे क्षपण होऊन वेल रंगहीन होते. तशा वेलमध्ये वाढ भरपूर असते, तिला ‘परिणामकारक’ समजू नका.

---

मोजमाप:

यात दोन गोष्टी जोडतो. एक ओळ तेल अधिक रिझाझुरिनची, जिवाणूंशिवाय लावा. काही तेलांतले क्षपणकारक घटक रंग स्वतःच बदलू शकतात. ती ओळ गुलाबी झाली तर त्या तेलासाठी रंगाचं वाचन बाद, थेट वसाहती मोजाव्या लागतील. दुसरं, निळ्या वेलमध्येही थोडे जिवाणू जिवंत असू शकतात, कारण रंग बदलायला पेशींची संख्या बरीच व्हावी लागते. म्हणून निळ्या-गुलाबीच्या सीमेवरच्या दोन-तीन वेलमधून अगारवर ठिपका देऊन बघा.

संदर्भासाठी ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाणित वाणावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची ओळ हवी. तिची एमआयसी मिलीला ०.२५ ते १ मायक्रोग्रॅममध्ये यायला पाहिजे. स्टॅफसाठी एमआयसीला एटीसीसी २९२१३ घ्या. २५९२३ हा डिस्कसाठीचा प्रकार आहे. जेंटामायसिन साध्या ब्रॉथमध्येही लावा आणि अगार-ब्रॉथमध्येही. दोन्हीकडे आकडा मर्यादेत आला तर अगारमुळे वाढीत किंवा वाचनात अडथळा नाही एवढं कळतं. तेल नीट पसरलं की नाही हे मात्र जेंटामायसिन सांगू शकत नाही. त्यासाठी शुद्ध थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉलची ओळ त्याच पद्धतीने लावा. ती दर वेळी एका पायरीच्या आत आली तरच तुमचं इमल्शन भरवशाचं.

निकालाची सरासरी अधिक-उणे विचलन देऊ नका. दुप्पट पायऱ्यांच्या आकड्यांना ते शोभत नाही. मध्यक किंवा गुणोत्तर मध्य द्या, सोबत किमान आणि कमाल.

आणि एकक. ०.१ टक्के आकारमानाने म्हणजे लवंगेच्या तेलाचे मिलीला सुमारे १.०५ मिलिग्रॅम, पण संत्र्याच्या तेलाचे सुमारे ०.८४. घनता लक्षात न घेता टक्के आणि मिलिग्रॅम यांची तुलना केली तर एक चतुर्थांशाची चूक सहज होते.

---

पर्णरस:

सगळी चर्चा मोजण्यावर झाली, पण मोजलं काय? ‘थाइमचं तेल’ एवढं पुरेसं नाही. त्याच वनस्पतीच्या एका प्रकारात थायमॉल मुख्य असतं, दुसऱ्यात कार्व्हाक्रॉल, तिसऱ्यात लिनालूल, आणि लिनालूलवालं तेल फिनॉलवाल्याच्या मानाने बरंच सौम्य असतं. प्रत्येक लॉटचं जीसी-एमएस (घटक ओळखणारं विश्लेषण) हवंच. विक्रेत्याचा कागद जुन्या लॉटचा असू शकतो, म्हणून स्वतः वापरलेल्या बाटलीचंच करून घ्या, आणि मोजणी लांबली तर शेवटी पुन्हा एकदा.

तेल बदलतं. संत्र्याच्या तेलातलं लिमोनिन हवेत ऑक्सिडाइझ होतं, टी ट्री जुनं झालं की त्यात पॅरा-सायमिन वाढतं. गडद काचेच्या छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ४ °से. ला ठेवा. रबरी बूच किंवा ड्रॉपरचा रबरी फुगा नको, तेल रबर खातं आणि रबरातलं काहीबाही तेलात उतरतं. एकच मोठी बाटली रोज उघडण्यापेक्षा १ मिलीच्या कुप्या करून ठेवा.

एक झटपट तपासणी: टिपकागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवा. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलाचा तेलकट डाग राहिला तर त्यात स्थिर तेल मिसळल्याची शंका घ्या. दाबून काढलेल्या संत्र्याच्या तेलाला ही कसोटी लावू नका, त्यात मेणासारखे न उडणारे घटक मुळातच असतात.

तुमच्या संत्र्याच्या तेलाचा निकाल दुबळा येईल, आणि ई. कोलायवर स्टॅफपेक्षाही दुबळा. ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाहेरचं पटल लिमोनिनसारख्या पाणीद्वेष्ट्या रेणूंना अडवतं. तो आकडा पद्धतीची चूक समजून बदलत बसू नका. २ टक्क्यांपर्यंत एमआयसी सापडली नाही तर ‘२ टक्क्यांहून जास्त’ असं लिहा. त्यापुढे इमल्शन टिकत नाही, मग मिळणारे आकडे तेलाच्या वेगळ्या झालेल्या थराचे असतात.

गवती चहाच्या वाफेचा परिणाम मोठा वाटत असेल तर तो वेगळा मोजण्यासारखा आहे, कारण तो खरा गुण आहे, फक्त चुकीच्या चाचणीत मिसळला गेला. लावलेली प्लेट उलटी करा, झाकणाच्या आतल्या मध्यावर डिस्क ठेवून तिच्यावर तेल टाका आणि कडा टेपने बंद करा. तेल अगारला शिवत नाही, फक्त वाफ पोचते. ९० मिमीच्या प्लेटमध्ये अगारवरची हवा साधारण ६० मिली असते. आपल्या प्लेटची मोजून घ्या आणि वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा हवेच्या लिटरमागे मायक्रोलिटरमध्ये द्या.

---

अगारपट्टी:

शेवटचा प्रश्न. एमबीसीसाठी (जिवाणू मारणाऱ्या सर्वांत कमी तीव्रतेसाठी) निळ्या वेलमधून १० मायक्रोलिटर अगारवर टाकायचे आणि वाढ नसलेली सर्वांत कमी तीव्रता घ्यायची, एवढं पुरेसं आहे का?

---

काचनळी:

‘वाढ नाही’ ही व्याख्या नाही. एमबीसी म्हणजे सुरुवातीच्या संख्येतले ९९.९ टक्के जिवाणू मरणं. सुरुवातीला मिलीला ५ लाख होते, म्हणजे १० मायक्रोलिटरमध्ये ५,०००. त्यातले ०.१ टक्के म्हणजे ५ वसाहती. पाच किंवा कमी आल्या तर मारक, जास्त आल्या तर नाही. सुरुवातीची प्रत्यक्ष मोजणी ५ लाखांपेक्षा वेगळी आली असेल तर ही मर्यादाही त्याच प्रमाणात बदला.

खरी अडचण तेलाच्या ओढीची आहे. १० मायक्रोलिटरबरोबर तेलही अगारवर येतं आणि त्या ठिपक्याखाली ते वाढ रोखून धरतं. जिवाणू जिवंत असतात, पण वसाहत दिसत नाही, आणि तुम्ही रोधक तेलाला मारक ठरवता. त्यामुळे ठिपका एका जागी न ठेवता पूर्ण प्लेटवर पसरा. तपासणीसाठी त्याच तीव्रतेच्या निर्जंतुक तेल-ब्रॉथचे १० मायक्रोलिटर आणि मोजून घेतलेले ५० ते १०० जिवाणू एकत्र करून लगेच पसरा. तेल नसलेल्या प्लेटइतक्याच वसाहती आल्या तर ओढ नाही. निम्म्यावर आल्या तर सलाइनमध्ये ०.५ टक्के ट्वीन ८० आणि लेसिथिन घालून १० पट पातळ करा, मग पसरा. मर्यादा तेवढीच ठेवायची तर पातळ केलेले पूर्ण १०० मायक्रोलिटर पसरा, म्हणजे मूळचे १० मायक्रोलिटरच प्लेटवर येतील आणि पाच वसाहतींचा हिशेब बदलणार नाही. वाढ थांबवताना नको असलेलं ट्वीन इथे हवं असतं, कारण आता तेलाचं काम संपवायचं आहे.

वेलमधून घेण्याआधी पिपेटने नीट ढवळा, भिंतीच्या वरच्या कडेला लागलेलं द्रवही खाली आणा. आणि एमबीसीसाठीचं द्रव रिझाझुरिन घालण्याआधी काढा, म्हणजे मोजणीत रंगाचा प्रश्न येणार नाही.